दलित आत्मकथने आणि दुसऱ्यांदा घेतलेले शिक्षण

दलित आत्मकथनांतील शिक्षणाविषयी लिहिताना आपल्या समीक्षेने एक ठराविक क्रम पक्का करून टाकला आहे. वर्गाबाहेर बसविलेले पोर, मास्तरांची छडी, वसतिगृह, पदवी आणि शेवटी नोकरी. ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) असो की ‘उपरा’ (१९८०), विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हाच क्रम उतरतो. नोकरी लागली की मुक्तीची कथा संपली, असे त्यात गृहीत असते. पण चार पैसे हाती येऊ लागल्यावर, ती नोकरी सोडून किंवा सांभाळून जो पुन्हा विद्यार्थी होतो, त्याचे काय? हा अनुभव आपल्या वाङ्मयात आहे, समीक्षेत मात्र नाही.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्याची नोकरी अस्पृश्यतेने टिकू दिली नाही. नोव्हेंबर १९१८ पासून ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. १९२० साली ती नोकरी सोडून ते पुन्हा लंडनला गेले, ते स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज एवढ्याच बळावर. १९२१ साली एम. एस्सी., १९२३ साली डी. एस्सी., शिवाय बॅरिस्टरी. प्राध्यापकाचा वकील झाला. या साऱ्याला ज्ञानसाधना म्हटले जाते आणि ते खरेच आहे. परंतु त्या वर्षांत मुंबईच्या चाळीत संसार ओढणाऱ्या रमाबाईंच्या कष्टांचा हिशेब त्या एका शब्दात मावत नाही.

तो हिशेब स्त्रियांच्या जगण्यात अधिक उघड दिसतो. शांताबाई कांबळे १९४२ मध्ये सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका झाल्या. दहा वर्षे उलटल्यावर त्यांनी पुण्यात दोन वर्षांचे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि पुढे जत तालुक्यात त्या शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या. ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) वाचताना आपण भुकेपाशी थांबतो, या दुसऱ्या शिक्षणापाशी थांबत नाही. उर्मिला पवार यांनी सरकारी नोकरी, मुले आणि घर सांभाळून एम. ए. केले. ‘आयदान’ (२००३) मध्ये त्यांनी नवऱ्याची नाराजी झाकून ठेवलेली नाही. लहानपणी शाळेच्या दारात जात आडवी येते. दुसऱ्या वेळी घराच्या दारात नवरेपणही आडवे येते.

हा पांढरपेशा झालेल्यांचा प्रश्न आहे, चळवळीचा नव्हे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. आपल्या माणसाची पहिली नोकरी बहुधा गरजेने पत्करलेली असते, निवडलेली नसते. जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे आणि ती माणसाला धंदा बदलू देत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. मिळाले त्यावर समाधान मान, हा उपदेश त्याच विचारातून येतो, मग तो घरच्यांनी केलेला का असेना. शासनही याला अपवाद नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत बी. ए. नंतर बी. कॉम. करणाऱ्याला अपात्र ठरविणारी अट वर्षानुवर्षे राहिली. गरिबाने एकदाच निवडावे आणि ते अचूक निवडावे, असाच त्याचा अर्थ होतो. उलट १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढताना बाबासाहेबांनी नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले.

तेव्हा आत्मकथन शिकविताना पदवीच्या प्रसंगाशी पुस्तक मिटू नये. तो किंवा ती पुन्हा शिकायला गेली काय, त्या काळात पगार कोणाचा बुडाला, चूल कोणी पेटविली, हे प्रश्न विचारावेत. दिवसभर राबून संध्याकाळी वर्गात मागे बसणारे विद्यार्थी आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्या जगण्याचे मोल समजण्याइतकी आपली समीक्षा मोठी झाली पाहिजे.