मेदबिंदू कोणाचा?

काळ्या आजाराच्या परोपजीवीचे वर्णन लीश्मन व डोनोव्हन ह्या दोघा संशोधकांनी १९०३ साली स्वतंत्रपणे केले. शरीराचे रक्षण करणाऱ्या मॅक्रोफेज पेशीतच हा जीव वस्ती करतो. अशा बाधित पेशीत मेदबिंदू वाढलेले दाखविणारी छायाचित्रे आज विपुल आढळतात. निरीक्षण खोटे नव्हे. परंतु त्यावरून काढलेले निष्कर्ष कित्येकदा पुराव्याच्या पुढे धावतात, असे म्हणणे भाग आहे.

पहिला आक्षेप स्थानाविषयीचा. पेशीतील लीश्मानिया जेमतेम २ ते ४ मायक्रॉनचा. मेदबिंदू त्याहूनही लहान. साधा प्रकाश-सूक्ष्मदर्शक सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवीत नाही, आणि खोलीच्या दिशेने तर त्याची शक्ती आणखीच उणी पडते. तेव्हा चकाकणारा ठिपका परोपजीवीच्या देहातील, की त्याला वेढणाऱ्या पोकळीला चिकटलेला यजमान पेशीचा, हे एका प्रतिमेवरून कसे ठरावे?

दुसरा आक्षेप रंजकाविषयीचा. १९८५ साली मेदबिंदूंचे निवडक रंजक म्हणून पुढे आलेले नाईल रेड उदासीन मेदात पिवळसर सोनेरी, तर पटलांतील ध्रुवीय मेदात लाल दिसते. केवळ लाल प्रकाश टिपणारे चित्र हा भेदच पुसून टाकते.

तिसरा आक्षेप पूर्वतयारीविषयीचा. ऑस्मियम टेट्रॉक्साइड असंपृक्त मेदाला धरून ठेवते; उरलेला मेद निर्जलीकरणाच्या अल्कोहोलात अंशतः धुऊन जातो. म्हणून इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेली रिकामी जागा मेदाच्या अभावाचा पुरावा ठरत नाही.

हा वाद केवळ तांत्रिक नाही. अँफोटेरिसीन बी परोपजीवीच्या पटलातील एर्गोस्टेरॉल व तत्सम स्टेरॉलांना जखडते. यजमानाच्या पटलात कोलेस्टेरॉल असते. म्हणजे मेद कोणाचा, ह्या भेदावरच एका प्रमुख औषधाचा उपयोग उभा आहे. साठा परोपजीवीचा असेल तर त्याच्या चयापचयावर घाव घालावा लागेल. यजमानाचा असेल तर उपचाराची दिशाच बदलेल.

यास्तव एकच पेशी प्रतिदीप्ती व इलेक्ट्रॉन अशा दोन्ही सूक्ष्मदर्शकांखाली पाहावी, क्रमिक छेद घ्यावेत, अबाधित पेशी तुलनेस ठेवाव्यात आणि परोपजीवी वेगळे काढून त्यांच्या मेदाचे रासायनिक पृथक्करण करावे. एवढे झाल्यावाचून ‘परोपजीवीचा मेदबिंदू’ असे लिहिणाऱ्या अभ्यासकाने ‘परोपजीवीजवळचा मेदबिंदू’ असे लिहावे. त्यात न्यूनता नाही. तेवढेच त्याने पाहिलेले असते.