हास्य आणि हिशेब : ‘खट्टर ककाक तरंग’ व ‘तृतीय रत्न’ यांतील धर्मसत्तेची चिकित्सा

भारतीय भाषांतील धर्मचिकित्सेचा अभ्यास करताना आपण बहुधा निबंध आणि वृत्तपत्र यांच्याकडे वळतो. मराठीत आगरकरांचा ‘सुधारक’ (१८८८) आणि तमिळमध्ये पेरियार यांचे ‘कुडी अरसु’ (१९२५) ही त्याची ठरलेली उदाहरणे होत. तेथे भूमिका उघड असते आणि लेखक स्वतःच्या नावाने बोलतो. परंतु जेथे तो स्वतः मागे राहून एखाद्या पात्राला बोलावयास लावतो, तेथे निराळा प्रश्न उभा राहतो : धर्मसत्तेविरुद्ध बोलणारा हा मनुष्य कोठे उभा आहे आणि कोणाच्या वतीने बोलतो आहे? हरिमोहन झा यांचे मैथिली ‘खट्टर ककाक तरंग’ (१९४८) आणि जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ (१८५५) या दोन कृती या प्रश्नासाठी येथे एकत्र आणल्या आहेत. त्यांच्यात प्रभावाचा कोणताही संबंध नाही. दोन्ही संवादरूप आहेत, दोन्हींत पोटभरू पौरोहित्याची थट्टा आहे, आणि तरीही त्या एकमेकींपासून फार दूर आहेत. त्या अंतराचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हरिमोहन झा (१९०८–१९८४) हे पाटणा विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. ‘कन्यादान’ (१९३३) या कादंबरीने त्यांना मिथिलेच्या घराघरांत नेले होते. खट्टर काका हे त्यांचे पात्र भांग घोटणारे, दही-चुड्यावर प्रेम करणारे आणि शास्त्रवचने जिभेवर खेळवणारे आहे. पुतण्याच्या नात्याचा निवेदक काही गंभीर शंका घेऊन येतो आणि काका ती शंका अशी उलटीपालटी करतात की शास्त्र स्वतःच्याच वजनाखाली वाकते. रामायण, महाभारत, गीता, ज्योतिष, सत्यनारायणाची कथा, ब्राह्मणभोजन यांतील काहीही सुटत नाही. काका ग्रंथ नाकारीत नाहीत. ते ग्रंथ वाचून दाखवतात. सत्यनारायणाच्या कथेत नवस विसरलेल्या वाण्याला तुरुंग भोगावा लागतो आणि प्रसाद टाकून धावलेल्या कलावतीच्या पतीची नाव बुडते. अशा कथेला वेगळ्या खंडनाची गरजच उरत नाही, फक्त ती भाविकपणाचा चष्मा उतरवून ऐकावी लागते.

या पद्धतीला मिथिलेच्या मातीत एक जुने नाव आहे. गंगेश उपाध्यायांच्या ‘तत्त्वचिंतामणी’ची ही भूमी. न्यायशास्त्रात वाद, जल्प आणि वितंडा असे कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत. स्वतःचा पक्ष स्थापन न करता केवळ प्रतिपक्षाचे खंडन करणारी ती वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द निंदेपुरता उरला असला तरी नैयायिकांनी तिला वादविद्येत रीतसर जागा दिलेली आहे. खट्टर काका हे अस्सल वैतंडिक आहेत. त्यांना पकडू जावे तर हाती लागत नाहीत, कारण त्यांनी स्वतः काहीच प्रतिपादिलेले नसते. भांगेचा लोटा हे त्यांचे संरक्षणही आहे. भांगेच्या तारेत बोललेल्याला पाखंडी कोण म्हणणार?

येथेच मर्यादाही दिसू लागते. काका ज्या ओसरीवर बोलतात तेथे ऐकणारे त्यांच्याच जातीचे आणि त्यांच्याइतकेच पंगतीला बसणारे आहेत. ब्राह्मणभोजनाची खिल्ली उडवणारा स्वतः त्या पंगतीतला पहिला रसिक असतो. पंगतीचे तांदूळ, दही आणि दक्षिणा कोणाच्या कोठारातून आली, हा प्रश्न सहसा ओसरीपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे हे हास्य कितीही धारदार असले तरी घरातले राहते. सनातन्यांचा रोष या लेखनाने ओढवून घेतला हे खरे. तथापि ज्यांची थट्टा झाली त्याच समाजाने हे पुस्तक आवडीने वाचले, हेही तितकेच खरे आहे.

मात्र एका ठिकाणी काकांची वितंडा तुटते आणि माझ्या मते पुस्तकाचे मर्म तेथेच आहे. रामायणाविषयी बोलताना काका तटस्थ राहू शकत नाहीत. सीता ही मिथिलेची लेक. मार्गशीर्षातील विवाहपंचमीला जानकीचा विवाह उत्साहाने साजरा होतो, पण त्या दिवशी आपल्या मुलींची लग्ने लावणे मैथिल कुटुंबे टाळतात, कारण त्या मुहूर्तावर सासरी गेलेल्या मुलीच्या वाट्याला वनवास आणि त्याग आला. पश्चिमेकडे मुलगी देऊ नये, ही लोकधारणाही तेथलीच. काका या लोकस्मृतीच्या आधारे रामाच्या न्यायाची झडती घेतात. येथे ते शास्त्रज्ञ राहत नाहीत, माहेरचे माणूस होतात. मर्यादापुरुषोत्तमाच्या आदर्शाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न प्रथमच हिशेबाच्या भाषेत विचारला जातो आणि विचारणाऱ्याला निश्चित पक्ष असतो. ‘कन्यादान’मध्ये निरक्षर ठेवलेल्या मुलीची शोकांतिका रंगवणारा लेखक या प्रकरणात विनोदी लेखकाला बाजूला सारतो, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठीत खट्टर काकांचे सर्वांत जवळचे आप्त म्हणजे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या. ‘सुदाम्याचे पोहे’मधील श्रावणी, शिमगा यांसारख्या विषयांवरील लेखांत कर्मकांडाची अतिशयोक्तीने केलेली चेष्टा आहे. कोल्हटकर स्वतः ज्योतिर्गणिताचे व्यासंगी होते, ही गोष्ट येथे अर्थपूर्ण आहे : झा यांच्याप्रमाणेच ज्याची चेष्टा करावयाची ती विद्या त्यांना अवगत होती. पण सुदाम्याच्या मित्रमंडळातही सीतेसारखी कोणी माहेरवाशीण येत नाही, म्हणून त्याचा अधिक विस्तार करीत नाही.

‘तृतीय रत्न’ नाटकात उलट सारे काही हिशेबापासून सुरू होते. गरोदर कुणबी स्त्रीच्या दारात जोशी येतो. ग्रहांची पीडा, गर्भाला धोका, त्यावर अनुष्ठान आणि ब्राह्मणभोजन अशी साखळी तो विणतो. बाळंतपणात जीव जाणे ही नित्याची गोष्ट असलेल्या काळात ही भीती खोटी नव्हती. जोश्याचे कौशल्य एवढेच की खऱ्या भीतीला तो खोटे कारण देतो आणि त्या कारणाला मोल लावतो. मग सामग्री जमवणे, त्यासाठी कर्ज आणि अखेर कफल्लकपणा असा क्रम येतो. फुले ग्रहगतीचे खंडन करण्यात वेळ घालवीत नाहीत. धर्मसत्ता सत्य की असत्य यापेक्षा ती कोणाच्या घरातून काय उचलून नेते, इकडे त्यांचे लक्ष आहे. झा यांच्या पुस्तकात जे कोठार अदृश्य होते, ते येथे रंगमंचावर रिकामे होताना दिसते.

या नाटकातील विदूषकाकडे तुलनाकारांनी अधिक लक्ष द्यावयास हवे. संस्कृत नाट्यपरंपरेत विदूषक हा बहुधा खादाड ब्राह्मण, राजाचा सखा. मोदकांच्या आठवणीने व्याकूळ होणारे हे पात्र फुले उचलतात आणि त्याच्याच मुखातून त्या खादाडपणाचे वाभाडे काढतात. खट्टर काका आणि संस्कृत विदूषक यांच्यात वंशसातत्य आहे. फुले यांचा विदूषक हा त्या वंशातून फुटून निघालेला आहे. तो दरबारातून कुणब्याच्या अंगणात आला आहे आणि प्रेक्षकाला साक्षीदार करून बोलतो.

नाटकात पाद्रीही येतो आणि मूर्तिपूजेविरुद्ध युक्तिवाद करतो. एका धर्मसत्तेऐवजी दुसरी आणली, असा आक्षेप यावर घेतला जाऊ शकतो आणि तो अगदीच निराधार नाही. पाद्र्याच्या तोंडी आलेल्या उपदेशावर विदूषकाने जोश्याइतकीच धार चालवली असती तर बरे झाले असते, असे आजच्या वाचकाला वाटते. परंतु दांपत्याची वाट शेवटी चर्चकडे जात नाही. ती फुले पतिपत्नींच्या शाळेकडे जाते. प्रौढांसाठीची रात्रशाळा फुल्यांनी १८५५ मध्येच सुरू केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा शेवट उपदेश न राहता पत्ता ठरतो.

आता स्वागताचा प्रश्न. फुल्यांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा कंपनी सरकारने चालू ठेवली होती, आणि पुढे त्या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याकडे वळवण्यात आला. म्हणजे दक्षिणेचा हिशेब मांडणारे नाटक दक्षिणेच्याच तिजोरीपुढे निवाड्यास गेले होते. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) नमूद केले आहे. झा यांच्या मुद्रित कृतीने मैथिलीबाहेर हिंदीतही वाचक मिळवले, आणि १९८५ मध्ये त्यांच्या आत्मचरित्राला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. शास्त्राला हसणाऱ्याला शास्त्री माफ करू शकले. कोठाराची मोजदाद करणारे ‘तृतीय रत्न’ मात्र छापून वाचकांच्या हाती पडावयास १९७९ साल उजाडले.