तटबंदी कोणाची?

१९६७ साली अमेरिकेत स्वमग्न मुलांविषयी दोन पुस्तके निघाली. ब्रूनो बेटलहाइम यांच्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ने मुलाच्या दुराव्याचा दोष आईबापांच्या, विशेषतः आईच्या, थंडपणावर ठेवला. क्लारा क्लेबोर्न पार्क यांचे ‘द सीज’ हे अशाच एका आईचे निवेदन. बेटलहाइम यांचे मत शास्त्राने केव्हाच टाकून दिले. पार्कबाईंचे पुस्तक टिकले. त्यांची नजर मायाळू आहे, पण गहिवरात वाहून जात नाही. लेकीला घेऊन तज्ज्ञांकडे गेलेल्या आईची मोजक्या वाक्यांवर झालेली बोळवण त्या ज्या संयमाने सांगतात, तो संयमच बोचतो.

माझे भांडण शीर्षकाशी आहे. वेढा म्हटला की मूल तटाआड, आपण बाहेर. दार त्यानेच उघडायचे. (आपला ‘स्वमग्न’ हा शब्दही तोच आरोप करतो.) स्वतःत रमलेल्यास एकटेपणा कसा जाचेल, अशी सोयीची समजूत आपण करून घेतो. प्रत्यक्षात स्वमग्न प्रौढांत नैराश्य व चिंताविकार इतरांहून अधिक आढळतात. आपला स्वभाव दिवसभर लपवण्याचा शीण त्यांच्यापैकी अनेकांनी बोलून दाखवला आहे. मिस्सेत एखादे मूल ओरडले की वळणाऱ्या माना मला वेदीवरून दिसतात. पुढच्या रविवारी ते कुटुंब नसते. तो तट मुलाने बांधलेला नाही.

२००१ च्या ‘एग्झिटिंग निर्वाणा’त मुलगी चाळिशी ओलांडलेली आहे. तिचे वेगळेपण सरलेले नाही. ती चित्रे रंगवते, विल्यम्स कॉलेजच्या टपालखोलीत नोकरी करते. वेढ्याची भाषा येथे मागे पडते, आणि म्हणून हे दुसरे पुस्तक मला अधिक मोलाचे वाटते.