रानपिंगळा, ध्वनिमुद्रण आणि यंत्राची साक्ष : एक चिकित्सा

संकटग्रस्त वन्यजीवांच्या नोंदींसाठी अरण्यात ध्वनिमुद्रक बसवावेत आणि मुद्रित आवाजांवरून प्रजाती ओळखण्याचे काम संगणकावर सोपवावे, ही पद्धती आता रूढ होत आहे. तिची उपयुक्तता निर्विवाद आहे. ध्वनिमुद्रक थकत नाही आणि पाखरांना बुजवतही नाही. तथापि तिच्या निष्कर्षांना पुरावा मानावे काय, हा प्रश्न नाशिक विभागातील रानपिंगळ्याच्या संदर्भात तपासणे उद्बोधक ठरेल.

१८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेल्या नमुन्यांनंतर हा पक्षी अभ्यासकांच्या दृष्टीआड झाला. पुढे रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांनी एका नमुन्यास १९१४ मधील गुजरातचे लेबल लावले. वस्तुतः तो डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून चोरलेला नमुना होता. पामेला रासमुसेन यांनी ही बनावट ओळखली. खोटे लेबल बाजूस सारून अस्सल नोंदींच्या ठिकाणी शोध घेतला गेला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा आढळला.

यंत्रशिक्षणाचा पायाही लेबल हाच होय. माणसाने नावे दिलेल्या आवाजांवरूनच यंत्र शिकते. ‘बर्डनेट’ ही प्रणाली ध्वनिमुद्रणाचे तीन सेकंदांचे तुकडे करून प्रत्येकास ० ते १ या दरम्यानचा विश्वासांक देते. हा अंक शिकलेल्या आवाजांशी असलेले साम्य सांगतो. पक्ष्याचे अस्तित्व सिद्ध करीत नाही. दुर्मीळ प्रजातीचे नमुना-आवाज मुळातच थोडे, त्यात साधा पिंगळा त्याच परिसरात वावरणारा.

समजा, १,००० तुकड्यांपैकी १० मध्येच रानपिंगळा आहे आणि यंत्र शंभरांत ९५ वेळा अचूक ठरते. तरीही उरलेल्या ९९० पैकी सुमारे ५० तुकड्यांवर ते चुकून रानपिंगळ्याचे नाव लावील. म्हणजे मिळालेल्या सुमारे ६० नोंदींत खरी नोंद सहांत एकच! अशा नोंदींवर संवर्धनाचा नकाशा आखणे म्हणजे १९१४ च्या लेबलाची पुनरावृत्ती करणे होय. उलटपक्षी, यंत्रास आवाज न मिळणे हाही पक्षी नसल्याचा पुरावा नव्हे.

सारांश, यंत्राने तुकडे निवडावेत. निर्णय जाणत्या कानांनी द्यावा. स्थळ, वेळ व ओळखणाऱ्याचे नाव यांसह मूळ ध्वनिमुद्रण जतन केले, तरच पुढील अभ्यासकास चूक शोधता येईल. सातपुड्यालगतच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र विभागांनी असे पडताळलेले स्थानिक ध्वनिसंग्रह उभारणे, हे यंत्रखरेदीपेक्षा अधिक निकडीचे आहे.