जनरल गॉडर्ड : एक कूच, एक माघार

जनरल टॉमस गॉडर्डविषयीची इंग्रजी आणि मराठी पुस्तके शेजारी ठेवून वाचली की दोन वेगळे सेनापती दिसू लागतात. तिकडचा गॉडर्ड बंगालची फौज घेऊन हिंदुस्थान आडवा ओलांडणारा, आपल्याकडचा बोरघाटाखालून पनवेलला पळणारा. दोन्ही खरे. पण १७७९ साली जमले ते १७८१ साली का जमले नाही, हे कोणी नीट विचारत नाही.

माझ्या मते उत्तर दाणागोट्यात आहे. कर्नल लेस्ली ऑक्टोबर १७७८ मध्ये वारला आणि फौज गॉडर्डकडे आली. पुढे भोपाळच्या नबाबाने त्याला मदत केली, नागपूरकर भोसल्यांनी वाट अडवली नाही. वडगावची बातमी कळल्यावर बऱ्हाणपुराहून विसेक दिवसांत तो सुरतेस पोहोचला. चाल मोठीच, पण वाटेवरच्या या स्नेह्यांचा हिशेब तिच्या कौतुकात बुडून जातो.

११ डिसेंबर १७८० रोजी वसई पडली. दुसऱ्याच दिवशी दुगाडला रामचंद्र गणेश पडले. (वज्रेश्वरीच्या बाजूचे हे दुगाड आम्हा मुलुंडकरांना तसे जवळच. ती लढाई मात्र कर्नल हार्टलेची, गॉडर्डची नव्हे.) फेब्रुवारीत गॉडर्ड खोपोलीला येऊन बसला आणि तिथेच अडकला. वर हरिपंत फडके व तुकोजी होळकर, खाली कोकणात परशुरामभाऊ पटवर्धन. पुण्याला धाक दाखवला की नाना तहाला येतील, हा त्याचा अंदाज. नानांनी त्याला नुसते ताटकळत ठेवले; तेवढ्यात भाऊंनी पनवेलहून येणारी रसद धोक्यात आणली. एप्रिलच्या माघारीत ४६६ माणसे ठार-जखमी झाली, त्यांत १८ युरोपियन अधिकारी, हा आकडा खुद्द ग्रँट डफचा. आपले लेखक याला तलवारीचा विजय म्हणतात. मला तो सबुरीचा वाटतो. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांची पत्रे छापली नसती, तर ही मोहीम आपण आजही डफच्याच डोळ्यांनी पाहिली असती.

गॉडर्ड १७८३ मध्ये मायदेशी जाताना बोटीवरच वारला. त्याने जिंकलेली वसई सालबाईच्या तहाने आधीच मराठ्यांकडे परत गेली होती. १७७४ च्या डिसेंबरात जनरल गॉर्डनच्या मोहिमेत ठाणे आणि वेसावे पडून गेलेली साष्टी, म्हणजे आजचे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, मात्र कंपनीकडेच राहिली. त्या गॉर्डनचे नाव इथल्या किती वाचकांना ठाऊक आहे?