दाखवलं म्हणजे पटलं का?

फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली सुरू झालं. थिएटरात मुख्य सिनेमाआधी त्याचे माहितीपट दाखवणं सक्तीचं होतं. म्हणून 'सगळा सरकारी प्रचार' असं लिहून मोकळे होऊ नका. एस. एन. एस. शास्त्री यांचा 'आय ॲम ट्वेंटी' (१९६७) बघा. १९४७ मध्ये जन्मलेली मुलं त्यात देशाबद्दल बोलतात. स्वप्नं आहेत, तशी नाराजीही आहे. पण इथेही थांबू नका. टीका ऐकवणारं सरकार उदार दिसतं, म्हणजे हाही प्रचार असू शकतो! आणि सक्तीमुळे खेळ मोजता येतात, परिणाम नाही. तेव्हा सिनॉप्सिसमध्ये तीन प्रश्न वेगळे ठेवा: हेतू, मांडणी, परिणाम. पहिल्यासाठी सरकारी फायली, दुसऱ्यासाठी फिल्म, तिसऱ्यासाठी प्रेक्षक. एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही.