‘ग्रामीण’ आणि ‘नागर’ यांच्या सीमेवर : वर्ध्याचा परिघ व मराठी समीक्षेची परिभाषा

प्रस्तावना

मराठी साहित्यविचारात ‘ग्रामीण’ ही संज्ञा प्रतिष्ठित झाली, ती १९७० नंतरच्या दशकात. आनंद यादव, रा. रं. बोराडे, नागनाथ कोत्तापल्ले आदी लेखक-समीक्षकांनी ग्रामीण साहित्याची चळवळ उभी केली आणि नागर, मध्यमवर्गीय अभिरुचीच्या वर्चस्वाला आव्हान दिले. हे कार्य ऐतिहासिक महत्त्वाचे होते, याबद्दल दुमत असू नये. परंतु संज्ञा रूढ झाली की ती पाहण्याचे साधन न राहता पाहण्याची मर्यादा होऊ लागते. गाव म्हणजे शेती, बोली, जत्रा, भावकी आणि दुष्काळ. शहर म्हणजे नोकरी, प्रमाणभाषा, गर्दी आणि एकाकीपण, असे समीकरण नकळत स्थिरावले. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे शहरालगतच्या वाढत्या गावात जे जीवन जगले जाते, त्याचे काय, हा प्रश्न या समीकरणात उपस्थितच होत नाही. वर्धा शहराच्या परिघावरील गावांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वर्ध्याचा परिघ : वस्तुस्थिती

वर्धा शहराचा जन्मच एका गावातून झाला आहे. नागपूरपासून वेगळा करून १८६२ मध्ये वर्धा जिल्हा निर्माण करण्यात आला. १८६६ मध्ये जिल्ह्याचे मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याहून पालकवाडी या गावाच्या जागी आले आणि तेथे आखीव रस्त्यांचे नवे शहर वसविण्यात आले. म्हणजे ज्याला आज ‘शहर’ म्हणून गावांच्या विरुद्ध उभे केले जाते, तेही कधीकाळी गावच्या शिवारावरच उभे राहिले.

पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी, म्हसाळा ही गावे या शहराला लागून आहेत. २००१ च्या जनगणनेत वर्धा शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ११ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १ लाख ६ हजार झाली. आकडा कमी झाला म्हणून शहर ओसरले, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. शहर नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर पसरत होते. २०११ च्या जनगणनेने पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), नालवाडी यांसारख्या गावांची नोंद ‘जनगणना नगर’ अशी केली. किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाह्य व्यवसायांत, असे त्या नोंदीचे निकष आहेत. मौजेची गोष्ट अशी की या नोंदीने कारभार बदलत नाही. जनगणनेच्या दप्तरी नगर ठरलेले गाव ग्रामपंचायतीच्या दप्तरी गावच राहते. तेथील रहिवासी ग्रामपंचायतीत घरकर भरतो, ग्रामसभेचा सदस्य असतो आणि नोकरी, बाजार, शाळा व दवाखान्यासाठी शहराचा असतो.

भारतीय राज्यघटनेने या अवस्थेची दखल घेतली आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ग्रामीण क्षेत्रातून नागरी क्षेत्रात संक्रमण होत असलेल्या क्षेत्रासाठी नगरपंचायतीची तरतूद केली. कायद्याजवळ या अवस्थेसाठी शब्द आहे. साहित्यसमीक्षेजवळ तो अद्याप नाही.

आदर्श गाव आणि वास्तव गाव

वर्धा जिल्ह्याच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. विसाव्या शतकात ‘खेडे’ या कल्पनेचे जेवढे चिंतन वर्ध्याच्या परिसरात झाले, तेवढे क्वचितच अन्यत्र झाले असेल. १९३२ च्या अखेरीस विनोबा भावे नालवाडीत राहावयास गेले. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात झाली व जे. सी. कुमारप्पांनी मगनवाडीतून त्याचे कार्य चालविले. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला आले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागल्याने १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. ऑक्टोबर १९४५ मध्ये गांधीजी आणि पंडित नेहरू यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, त्याच्या केंद्रस्थानीही भावी भारतातील खेड्याचे स्थान हाच वाद होता.

त्याच सेवाग्रामात १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सावंगीत १९९० मध्ये दुसरे वैद्यकीय महाविद्यालय आले. १९९७ मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाची स्थापना वर्ध्यात झाली. ज्या परिसरात स्वयंपूर्ण खेड्याचे स्वप्न पाहिले गेले, त्याच परिसरात रुग्णालये, वसतिगृहे, खाणावळी, औषधांची दुकाने आणि भाड्याच्या खोल्या यांवर आधारलेली नवी वस्ती उभी राहिली. हा आदर्शाचा पराभव आहे, असे म्हणणे सोपे आहे; पण ते अपुरे आहे. या संस्थांपैकी सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय तर ग्रामीण आरोग्याच्या ध्येयातूनच निघाले. म्हणजे गावाची सेवा करू पाहणारी संस्थाच गावाला नागर करीत गेली. ही विसंगती समजून घेण्यासाठी आदर्श गाव आणि उद्ध्वस्त गाव यांखेरीज तिसरी प्रतिमा लागते.

प्रस्थानाचे कथानक

मराठी कादंबरीने गाव आणि शहर यांचे नाते प्रामुख्याने प्रवासाच्या रूपात मांडले आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) शिक्षक बाहेरून गावात येतो. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर गावातून पुण्याला जातो आणि परततो. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’मध्ये (२००२) शिकलेला एकनाथ शेतीच्या कोंडीत अडकून पडतो, तर त्याची शहरी वळणाची पत्नी अलका गावात रुजत नाही. या कृतींचे मोठेपण निर्विवाद आहे. परंतु त्यांची रचना एका अंतरावर उभी आहे. गाव व शहर यांच्यामध्ये अंतर असते, म्हणूनच जाणे, येणे, तुटणे या क्रियांना अर्थ येतो.

शहरालगतच्या गावात हे अंतरच लोपते. तेथे कोणी गाव सोडून जात नाही. शहर शिवारात येते. बदल घडतो तो एस. टी. स्टँडवर नव्हे, तर तलाठ्याच्या दप्तरात. सातबाऱ्यावरील शेत अकृषक होते, त्याचे ले-आउट पडते, प्लॉटना क्रमांक मिळतात, कपाशीच्या ठिकाणी सिमेंटचे खांब दिसू लागतात. ज्याने शेत विकले तो त्याच गावात राहतो आणि आपल्याच जुन्या धुऱ्यावरून गेलेल्या रस्त्याने रोज ये-जा करतो. विस्थापन येथे स्थलांतराशिवाय घडते. या अनुभवाला प्रस्थान आणि परतीच्या कथानकात जागा नाही. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात इंग्रजी साहित्याच्या संदर्भात दाखविले की, हरवलेल्या गावाची हळहळ प्रत्येक पिढी आपल्या आधीच्या काळाविषयी करीत आली आहे. मराठी समीक्षेनेही ही हळहळ आणि वास्तवाचे आकलन यांत भेद करणे अगत्याचे आहे.

परंपरेतील दुर्लक्षित सूत्र

या नव्या अनुभवाच्या खुणा मराठी परंपरेत अजिबात नाहीत, असे मात्र नाही. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) आणि रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) या ग्रामीण कादंबरीच्या दोन मानदंडांत केंद्रस्थानी शेतकरी कुटुंब नाही. दोन्हींत शिंप्याचे घर आहे. कौतिकचा संसार शिवारावर नव्हे, तर हाताला मिळणाऱ्या कामावर टिकून आहे. गावातील भूमिहीन कारागिराचे जीवन रोकड, मागणी आणि बदलती अभिरुची यांच्याशी आधीपासूनच बांधलेले होते, हे या कादंबऱ्या सांगतात. ग्रामीणतेचे लक्षण म्हणून शेतीवर भर देणाऱ्या समीक्षेने हे सूत्र पुरेसे पुढे नेले नाही. ते पुढे नेले असते तर शेती सुटलेल्या गावाकडे ‘गाव संपले’ या एकाच दृष्टीने पाहिले गेले नसते.

दुसरे सूत्र बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेत आहे. नोकरीनिमित्त परगावी आलेल्या तरुणाला निवारा मिळविण्यासाठी जात लपवावी लागते. नव्या वस्तीत जात विरघळते, हा समज ती कथा मोडून काढते. ले-आउटमधील घर कोणाला भाड्याने मिळते, कोणते प्लॉट कोण घेतो, जुन्या गावठाणाच्या कडेला असलेल्या वस्तीपर्यंत नवा रस्ता पोहोचतो की नाही, हे प्रश्न याच कथेच्या पुढचे आहेत. ज्याच्यापाशी विकण्यास जमीन होती त्याला गावाच्या वाढीतून पैसा मिळाला. ज्याच्यापाशी नव्हती त्याला मजुरी मिळाली. मात्र त्या मजुरीबरोबर जुन्या शेतमालकाच्या दारातून काही अंशी सुटकाही मिळाली. ही वाढ केवळ शोकांतिका म्हणून पाहणारी समीक्षा जमीनमालकाच्या दृष्टिकोनालाच गावाचा दृष्टिकोन मानते, हा तिच्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप होय.

भाषेचा प्रश्न

बोली ही ग्रामीणतेची खूण मानली गेली. ‘धग’मधील वऱ्हाडी बोलीचे सामर्थ्य सर्वमान्य आहे. परंतु वर्ध्याच्या परिघावरील बोलणारा एकाच दिवसात अनेक भाषारूपे वापरतो. ‘काय करून राहिला’ यासारखी रचना घरात आणि पानठेल्यावर चालते, दवाखान्यात हिंदी येते, ग्रामपंचायतीच्या अर्जावर प्रमाण मराठी लिहावी लागते. कोणत्या वेळी कोणते रूप निवडावे, हेच त्याच्या सामाजिक शहाणपणाचे अंग असते. शुद्ध बोलीचा आग्रह धरणारी समीक्षा या निवडीला भेसळ समजते. वस्तुतः पात्र कोणापुढे कोणती भाषा बोलते, यातूनच परिघावरील सत्तासंबंध सर्वाधिक स्पष्ट होतात.

येथे देशीवादी भूमिकेचाही पुनर्विचार आवश्यक ठरतो. मुळे आणि भूमी यांवर भर देणाऱ्या या विचाराने मराठी साहित्याला आत्मभान दिले. पण ज्या गावात मूळचे रहिवासी आणि नव्याने आलेले एकाच ग्रामसभेत बसतात, तेथे ‘देशी’ कोण? बदलून आलेला शिक्षक, परिचारिका, विद्यार्थ्यांना खोल्या देणारी विधवा आणि गावठाणातील जुना शेतकरी हे सर्व मिळूनच ते गाव झालेले असते.

समारोप

संज्ञा या सोयीसाठी असतात, त्यांच्याकडून एवढी अपेक्षा कशाला, असे म्हणता येईल. परंतु अभ्यासक्रम, पुरस्कार, परिसंवाद आणि संशोधनाचे विषय या संज्ञांनुसारच ठरतात. ज्या जीवनाला संज्ञा नाही, त्यावर लिहिणाऱ्याला वाचक व समीक्षक उशिरा मिळतात. वर्ध्यात १९६९ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. या दोन संमेलनांच्या दरम्यान शहराभोवतीच्या शिवाराचे रूप पालटून गेले. साहित्याच्या वर्गीकरणात मात्र ते शिवार अजून पूर्वीचेच आहे.

यावर उपाय म्हणून ‘उपनगरीय साहित्य’ असा आणखी एक कप्पा निर्माण करणे इष्ट नाही. ग्रामीण, दलित आणि महानगरीय या प्रवाहांच्या आधारे वाचल्या गेलेल्या कृती परस्परांशेजारी ठेवून वाचणे, हा अधिक फलदायी मार्ग आहे. ‘धग’ आणि ‘पाचोळा’ यांतील कारागिराचे घर, बागूलांच्या कथेतील भाड्याचा निवारा आणि ‘बारोमास’मधील कोंडी एकत्र वाचली, तर परिघावरील गावाचा पूर्वेतिहास हाती लागतो. ग्रामीण महाविद्यालयांतील मराठी विभागांना हे काम सहज करता येण्याजोगे आहे, कारण त्यांच्या वर्गात बसणारे अनेक विद्यार्थी याच पट्ट्यातून येतात. त्यांना स्वतःचे गाव ‘ग्रामीण साहित्य’ या प्रश्नपत्रिकेत सापडत नसेल, तर उणीव त्यांच्या गावात नसून त्या परिभाषेत आहे.